बाहेरची लाईन

सूनबाईने पुस्तकं सुतळीने बांधली तेव्हा साडेबारा वाजले होते. मी जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसले होते आणि ती समोरच्या खोलीत, दार उघडं टाकून, जमिनीवर बसली होती. एकावर एक सात पुस्तकं, वर दोन वह्या, त्यावरून सुतळीचे आडवेउभे वेढे. गाठ मारली, उरलेली सुतळी दातांनी तोडली, हात झटकले. रडली नाही, सुस्कारा टाकला नाही. रद्दी बांधावी तशी बांधली, आणि मला तेच लागलं. माणूस रडलं की त्याच्याशी बोलता तरी येतं. पण असं नीटनेटकं बांधून मोकळं झालेल्या माणसाला काय सांगणार? माझ्या हातातले दाणे भांड्याऐवजी सालांत पडायला लागले.

"हे काय गं?" मी विचारलं.

"काही नाही, आई. माळ्यावर टाकते. उगाच जागा अडते."

"आज चारला तुझी तोंडी परीक्षा आहे ना?"

"चारला आहे. पण ह्यांची मीटिंग साडेतीन ते पाच. तीन वाजता कॉलेजात फोन करून सांगते जमणार नाही म्हणून. त्यांना तरी कशाला ताटकळत ठेवायचं." आणि मग, दारातच थांबून, "ह्यांना सांगू नका हं. आज आहे हे त्यांना माहीत नाही. कळलं तर मीटिंग सोडतील आणि मग आठवडाभर मला त्यांचं तोंड बघत बसावं लागेल."

दोन वर्षं ही पोरगी अभ्यास करत होती. कानांनी ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायचा तो अभ्यासक्रम. लग्नाआधी अर्धा झाला होता, मग पंधरा वर्षं तसाच राहिला, आणि आता चाळिशीला टेकल्यावर तिने तो पुन्हा हातात घेतला. सगळे पेपर झाले, पास झाली, राहिली ती एक तोंडी. ती समोरासमोर नाही, संगणकावर, कारण परीक्षक बाई दूरच्या. मागच्या महिन्यात तारीख आली तेव्हाही आमच्या चिरंजीवांची मीटिंग होती. तेव्हा हिने हातापाया पडून तारीख पुढे ढकलून घेतली. ती आजची. तिसरी तारीख मिळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं होतं. फोनवरून परीक्षा देता येईल का, तेही तिने बघितलं होतं. पण आमच्या भिंती अशा की फोनवर इंटरनेट खिडकीत उभं राहिलं तरच मिळतं, आणि परीक्षकांना हिचं तोंड आणि दोन्ही हात नीट दिसायला हवेत. खिडकीच्या गजाला चिकटून कोण परीक्षा देतं?

तर सगळा घोळ एका वायरीचा. आमच्याकडे इंटरनेट येतं ते बोळकांडीतल्या फळीवरच्या एका डब्यात. कंपनीचा डबा, त्यातून निघालेली एक लांबलचक पिवळी वायर. घरात माणसं चार, संगणक तीन, आणि वायर एक. तिचं नावच पिवळी पडलंय. 'पिवळी कोणाकडे आहे?', 'माझं झालं, पिवळी घेऊन जा', हे आमच्या घरातलं रोजचं बोलणं. दाराखालून सरपटत ती कधी मुलाच्या खोलीत जाते, कधी आमच्या ह्यांच्याकडे. ज्याचं काम अडलं त्याची पिवळी, असा नियम. नियम चांगलाच आहे, पण त्यात एक मेख आहे. काम अडलंय हे तोंडाने सांगावं लागतं. सूनबाईने ते कधी सांगितलं नाही. 'माझं काय, मी नंतर करीन,' एवढंच तिचं पालुपद. आणि आम्ही सगळे शहाणे, ते खरं धरून चालायचो. मीसुद्धा. पिवळी घेऊन पत्ते खेळताना मला कधी वाटलं नाही की ही नंतर म्हणजे नेमकी केव्हा करते.

"तीनच्या आत फोन करू नकोस," मी म्हणाले. "मला विचारल्याशिवाय करू नकोस."

"आई, आता काय होणार आहे?"

"ते मी बघते."

बोलून तर बसले. पण बघणार काय होते? कपाटावर पंधरा दिवस एक खोकं पडून होतं. एका लाईनीवर सगळ्यांना एकदम इंटरनेट देणारा राउटर. मुलाने हौसेने मागवला होता. बसवायला माणूस येणार होता. तो आज येतो, उद्या येतो, करता करता खोक्यावर धूळ बसली. मुलाला वेळ नाही, ह्यांना उत्साह नाही, सूनबाईला विचारायचं कोणाला सुचलं नाही, आणि मी एकाहत्तर वर्षांची, तेव्हा मला विचारायचा प्रश्नच येत नाही. चिरंजीव केस कापायला गेले होते; तिथून चष्मा दुरुस्त करून सव्वातीनला येणार होते. मी मटार तसेच टाकले, खुर्चीवर चढले आणि खोकं खाली काढलं. खुर्ची धरायला हे आले. हे म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर, सगळं घर त्यांना मास्तरच म्हणतं.

"हात मोडून घेशील," मास्तर म्हणाले.

"दोन आहेत."

खोक्यातून पांढरी चपटी वस्तू निघाली. पाठीमागे भोकं. चार एका रांगेत, एक जरा बाजूला. ती भोकं बघितली आणि, कसं सांगू, मला एकदम हसायलाच आलं. एकतीस वर्षं मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसले. समोर भोकांच्या रांगा, हातात दोऱ्या, कानावर पट्टा. वॉर्ड, ऑपरेशनची खोली, औषधांचं दुकान, स्वयंपाकघर, डॉक्टरांच्या खोल्या, असे नव्वद फोन आत, आणि बाहेर जाणाऱ्या लाईनी फक्त दोन. बाहेरच्या जगाला आमचा एकच नंबर माहीत. तो फिरवला की मी. 'कोण हवंय?' म्हणायचं, लक्षात ठेवायचं, दोरी उचलायची, बरोबर त्या भोकात घालायची. सातव्या वॉर्डचा निरोप अकराव्यात जाता कामा नये. आणि हे इवलंसं खोकं, ज्याचं नाव काढलं की घरात सगळे तंत्रज्ञान तंत्रज्ञान करून कपाळाला आठ्या घालतात, ते दुसरं काही नाही, तो बोर्ड आहे. बाहेरची लाईन एक, आत खोल्या चार, आणि मधे बसून लक्षात ठेवणारी एक बाई. फरक एवढाच, बाई आत बसवलेली आहे आणि तिला जेवायची सुट्टी लागत नाही.

मी मास्तरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे तुला आत घातलीय म्हण ना." आणि माहितीपुस्तक घेऊन खिडकीशी बसले. त्यातली अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मास्तर भिंग लावून वाचायला लागले, आणि मास्तरांची रीत अशी की पहिल्या पानापासून वाचायचं. आगीजवळ ठेवू नये. पाण्यात बुडवू नये. लहान मुलांच्या हाती देऊ नये. मी कशाला थांबते? डब्यातून पिवळी उपसली, खोक्यात मिळालेली आखूड वायर कंपनीच्या डब्याला लावली, आणि तिचं दुसरं टोक घातलं रांगेतल्या पहिल्या भोकात, अगदी डावीकडच्या. हात आपोआप तिथे गेला. पिवळी दुसऱ्या भोकात, तिचं टोक मुलाच्या संगणकाला. खटका दाबला. एक, दोन, तीन, चार, हिरवे दिवे पटापट लागले आणि माझा ऊर भरून आला. संगणक उघडला. त्याचा पासवर्ड शोधायला लागत नाही, साहेबांनी तो कागदावर लिहून पडद्यालाच चिकटवलाय. उघडला, आणि इंटरनेट नाही.

पुन्हा बंद, पुन्हा चालू. नाही. वायरी काढल्या, फुंकर मारली, घातल्या. नाही. दीड वाजला. जेवायला हाक आली, मी म्हटलं तुम्ही बसा. सूनबाई एकदा येऊन दारात उभी राहिली, माझ्यासाठी ताट झाकून ठेवते म्हणाली आणि गेली. मला उगाचच एक जुनी गोष्ट आठवायला लागली. दोन्ही बाहेरच्या लाईनी गुंतलेल्या असताना ऑपरेशनच्या खोलीतून फोन आला की एक लाईन तोडावी लागायची. कोणाची तोडायची ते मी ठरवायचं. मोठ्या डॉक्टरांची तोडायची सोय नव्हती, कचेरीची नव्हती, तेव्हा तुटायची ती कुणा रोग्याच्या नातेवाइकाची. एकदा एक बाई घरी बोलत होती. मी मधे शिरले, माफ करा म्हणाले, आणि ती म्हणत होती, "अगं, त्याने आज पहिल्यांदा..." तेवढ्यात मी दोरी ओढली. काम नियमाप्रमाणेच झालं. पण त्याने आज पहिल्यांदा काय केलं? डोळे उघडले, उठून बसला, पाणी मागितलं? मी घरी येऊन स्वयंपाक करताना विचार करत राहिले, नंतरही कितीदा तरी. त्या बाईला पुन्हा लाईन देईपर्यंत ती निघून गेली होती. खरं सांगायचं तर ज्यांच्या दोऱ्या मी ओढल्या ती सगळी माणसं 'असू दे, नंतर करीन' म्हणणारी होती. भांडणाऱ्याची लाईन मी कधी तोडल्याचं मला आठवत नाही.

"ह्या भोकांचे रंग वेगळे का आहेत गं?" मास्तर माझ्या डोक्यावरून वाकून बघत होते. ते जेवून आले होते आणि अजून नवव्या पानावर होते.

"कुठले रंग?"

"ही चार करडी. आणि ते एकटं निळं. रंग उगाच कोणी देत नाही. चार सख्खी भावंडं आणि एक पाहुणा. बाहेरून आलेला कोण आहे ह्यात?"

मी हातातली वायर खाली ठेवली. आमच्या बोर्डावर बाहेरची लाईन रांगेत डावीकडे पहिली, आणि बाजूचं एकटं भोक चाचणीचं. ते फक्त मेकॅनिकचं. आम्ही मुलींनी त्याला बोटसुद्धा लावायचं नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी थोरल्या बाईंनी हे मला दरडावून सांगितलं होतं. थोरल्या बाई वारून वीस वर्षं झाली आणि मी दीड तास त्यांच्या धाकाने त्या निळ्या भोकाच्या आसपाससुद्धा फिरकले नव्हते. माहीत नसणाऱ्या माणसाने आधी तेच भोक बघितलं असतं. मला जरा जास्तच माहीत होतं.

"मास्तर," मी म्हणाले, "तुम्ही भलतेच हुशार आहात."

"पंचेचाळीस वर्षांनी कळलं," म्हणून ते पुन्हा भिंग घेऊन बसले.

बाहेरची वायर निळ्यात घातली. राउटरचा एक नवा दिवा लागला, पण नारिंगी. संगणक म्हणतो, राउटर सापडला, पुढे रस्ता नाही. अडीच वाजत आले होते. मग मी कंपनीला फोन लावला. बराच वेळ वाद्यं वाजली, मग एका मुलीचा तरुण आवाज आला.

"मॅडम, घरात कोणी मोठं आहे का?"

"मीच आहे. एकाहत्तर."

ती गडबडली. तिच्यामागे खोलीभर आवाज येत होते, बायकांचे, एकावर एक, आणि प्रत्येकीचा सूर तोच, खालच्या पट्टीत धरलेला, वैतागलेल्या माणसालाही लागू पडेल असा. तो आवाज मी कुठेही ओळखला असता. "किती जणी बसता?" मी विचारलं. "चाळीस," ती म्हणाली. आम्ही पाच होतो. मी तिला ते सांगितलं, बोर्डाचंही सांगितलं, आणि मग तिचा आवाज कागदावरून वाचल्यासारखा राहिला नाही. तिने तपासलं आणि म्हणाली, "मॅडम, अडचण अशी आहे की आमच्याकडे तुमच्या घरातली तीनच यंत्रं नोंदवलेली आहेत. तिन्ही तुमचे संगणक. प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक क्रमांक असतो. वेगळ्या क्रमांकाचं काही जोडलं की आमच्या बाजूने लाईन मिळत नाही. तुमचा राउटर आमच्यासाठी अनोळखी आहे. नोंद करून देते, सोमवारी होईल."

"सोमवारी उपयोग नाही, पोरी. आज चारला पाहिजे."

"मॅडम, माझ्या हातात नाही."

तिच्या हातात नाही हे मला कळत होतं. हे वाक्य मी स्वतः हजारदा म्हटलंय. समोर घड्याळात पावणेतीन. तिकडे सूनबाईच्या खोलीत कपाटाचं दार वाजलं. मी डोळे मिटून घेतले आणि बोर्डासमोर बसले. बाहेरच्या माणसाला नंबर एकच माहीत आहे, ठीक. नव्वद खोल्यांना आपापले नंबर होते, पण बाहेर जाताना सगळ्या त्याच एका नंबराने जायच्या. बाहेरच्याला काय करायचंय आत कोण आहे? त्याने एक नाव ओळखलं की झालं.

"एक सांग," मी म्हणाले. "माझ्या मुलाच्या संगणकाचा जो क्रमांक तुम्हाला माहीत आहे, तोच ह्या राउटरने बाहेर सांगितला तर? आत कोणीही असो. बाहेर एकच नाव."

चाळीस बायकांच्या आवाजाआडून ती हळूच म्हणाली, "तसं बटण असतं, मॅडम. राउटरच्या सेटिंगमध्ये. पण आम्हाला आपणहून सांगता येत नाही."

"तू कुठे सांगितलंस? मीच विचारलं. घर आमचं, लाईन आमची, यंत्रंही आमचीच."

ती हसली. राउटरच्या पोटावर छापलेला आकडा मुलाच्या संगणकावर टाकायला लावला. एक पान उघडलं. खाली, आणखी खाली, आणि तिथे लिहिलेलं होतं, या संगणकाचा क्रमांक वापरा. दाबलं. आता कंपनीचा डबा बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग चालू करा. तिने फोन ठेवला नाही, माझ्याबरोबर थांबली. त्या दोन मिनिटांत सूनबाई बोळकांडीत आली. तिच्या हातात फोन होता.

"आई, तीन वाजले. कळवते त्यांना."

"दोन मिनिटं."

"आई, तुम्ही सकाळपासून जेवला नाहीत. सोडा ना आता. माझं काय, मी..."

"खबरदार 'नंतर' म्हणालीस तर," मी म्हणाले, आणि माझा आवाज असा चढला की खिडकीशी मास्तरांनी भिंग खाली केलं. "तुझं नंतर ऐकून ऐकून आम्ही सगळे निर्लज्ज झालोय. दोन मिनिटं उभी राहा इथे."

ती उभी राहिली. मी डबा चालू केला. लाल दिवा, मग हिरवा. राउटरवर एक, दोन, आणि मग ते नारिंगी, लुकलुकत, लुकलुकत, हिरवं झालं. मुलाच्या संगणकावर पान उघडलं. राउटरच्या पोटावरचाच पासवर्ड टाकला, मग त्याची पिवळी काढली तरी ते उघडंच राहिलं, वायरीशिवाय. मास्तर तोच पासवर्ड घेऊन आपल्या खोलीत गेले आणि तिथून ओरडले की त्यांच्या संगणकावरच्या बुद्धिबळात कोणीतरी परदेशी माणूस येऊन बसलाय. पिवळी मोकळी होती, तिचं एक टोक राउटरमध्ये. दुसरं मी सूनबाईच्या हातात दिलं. "ही तुझी," म्हटलं. "तुझ्या परीक्षेला वायरच हवी, वाऱ्यावरचं नको." तिने ते टोक घेतलं, बघितलं, आणि बाई गं, आता रडली. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. फोनमधून त्या मुलीने विचारलं, "मॅडम, झालं का?" मी म्हटलं, "झालं गं बाई, सगळ्यांना एकदम लागली लाईन." सुतळी सुटेना म्हणून शेवटी मास्तरांनी कात्रीने कापली.

चिरंजीव सव्वातीनला आले, कानावर बारीक केस चिकटलेले. राउटर बघून थबकले.

"माणूस आला होता?"

"बाई आली होती," मास्तर म्हणाले. "जुनी. अनुभवी."

साहेब वेळेत मीटिंगला बसले. सूनबाईचं दार चारला पाच कमी असताना लागलं. मी ताट घेऊन बोळकांडीत स्टुलावर बसले. एका दारातून मुलाचा आवाज, दुसऱ्यातून सुनेचा, तिसऱ्यातून मास्तरांचं स्वतःशी पुटपुटणं. तिन्ही एकदम. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. मी जेवत होते आणि हसत होते. माझ्या डोक्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते, आतली बाई भराभर निरोप पोचवत होती, आणि कोणाचंच कोणासाठी अडत नव्हतं.

थोड्या वेळाने लक्षात आलं, मुलाचा आवाज थांबलाय. तुटली की काय? दार नुसतं लोटलेलं होतं, मी आत डोकावले. पडद्यावर सहा पुरुष आपापल्या चौकटीत तोंडं हलवत होते, आवाज बंद. आणि आमचे साहेब खुर्ची सोडून, सुनेच्या खोलीच्या भिंतीला कान लावून उभे होते.

"आई," त्याने कुजबुजत विचारलं, "ही कोणाशी बोलतेय?"

"परीक्षकांशी."

"आज होती?"

"आजच होती."

कापलेल्या केसांत त्याचा चेहरा शाळेतल्यासारखा दिसत होता. "मला का नाही सांगितलं?"

"तू मीटिंग सोडली असतीस म्हणून."

त्याने बोट ओठांवर ठेवलं आणि मला जवळ ओढलं. एकतीस वर्षांत मी कोणाच्या लाईनीवर चोरून कान दिला नव्हता, त्याची मला घमेंड होती. ती सोडून दिली. मीही भिंतीला कान लावला. परीक्षक बाईंनी विचारलं असावं की ज्या मुलाने आवाजच ऐकला नाही त्याला पहिलं अक्षर कसं शिकवाल. पलीकडून सूनबाई बोलत होती, आणि हा तिचा आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. भरघोस, सावकाश, कुणाची घाई नसलेला. "आधी त्याचा तळहात माझ्या ओठांपुढे धरायचा," ती म्हणाली. "मी प म्हणायचं. त्याला वारा लागतो. मग त्याचा हात त्याच्याच ओठांपुढे. तो म्हणतो. वारा लागला की त्याला कळतं, हे आपण केलं."

माझा बेचाळीस वर्षांचा मुलगा, सहा माणसं पडद्यावर खोळंबलेली, त्याने आपला तळहात तोंडापुढे धरला आणि आवाज न करता म्हणाला, प. मग माझ्याकडे बघितलं. मी पण धरला. प. खरंच लागतो वारा. मास्तर काय चाललंय ते बघायला आले, त्यांनाही खुणेने सांगितलं. आम्ही तिघं भिंतीशी उभे, तळहात तोंडापुढे, आणि आतून परीक्षक बाई हसल्याचं ऐकू आलं, सूनबाईही हसली, मग खुर्ची सरकली.

दार उघडून ती आली तेव्हा आमचे हात तसेच होते. ती आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघत राहिली. गाल लाल झाले होते.

"पास झाले. सोमवारपासून त्यांच्या संस्थेच्या इथल्या शाळेत शिकवायला या म्हणाल्या," ती म्हणाली.

मुलाने तिच्यासमोर जाऊन तळहात आपल्या ओठांपुढे धरला आणि मोठ्याने म्हणाला, "प."

तिने त्याचा हात धरून जरा मागे घेतला. "जोर कमी," ती म्हणाली. "फुंकायचं नाही. म्हणायचं. पुन्हा."